वखारीतली आठ गाणी

माघ संपत आला की मला शिंका येतात. डॉक्टर म्हणतात ॲलर्जी, सून म्हणते धूळ. मी दोघांनाही हो म्हणते, कारण खरं सांगत बसायचं तर फार मागे जावं लागेल. निपाणीकडून तंबाखू भरलेला एखादा ट्रक बेळगावच्या हमरस्त्याने जातो, त्याच्या ताडपत्रीची एक कड सुटलेली असते, आणि चौथ्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या माझ्या नाकाला ते बरोबर कळतं. बँकेतली सगळी नोकरी संपली, गुडघे गेले, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, पण नाक काही निपाणी सोडायला तयार नाही.

यंदा ह्याच दिवसांत शेजारच्या तन्वीने मला तिची गाणी ऐकवली. इंजिनिअरिंगला आहे पोरगी. खोलीतच गाणी रेकॉर्ड करते. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या लावल्या होत्या म्हणे, कपाटाची दारं उघडी ठेवली होती. एक मैत्रीण व्हायोलिनवर, एक मित्र चेलोवर. चार गाणी, शुक्रवारी सकाळी जगभर एकदम प्रसिद्ध झाली. त्यातलं एक तर दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टवर होतं. मला आवडलं. मग ती म्हणाली, “आजी, असली गाणी आपल्याकडे आधी कुणी करतच नव्हतं.” मी म्हटलं, छान आहे गं, आणि जीभ दाताखाली धरली. ती गेल्यावर दोन दिवस माझं कशातच लक्ष लागेना.

आमच्या आक्काचं नाव कमल. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई आम्ही लहान असतानाच गेली, तेव्हापासून घर तिनेच ओढलं. निपाणीत तंबाखूच्या वखारीत ती पाला निवडायला जायची. तिच्या कमाईवर मी कॉलेजात शिकत होते. आप्पा, म्हणजे आमचे वडील, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि लगीनसराई संपली की हमाली करायचे. आमच्या गल्लीत गाणं म्हणजे जयंतीचं गाणं. बुद्धविहाराच्या अंगणात मांडव पडायचा, आप्पा वाजवायचे, आक्का पुढे उभी राहून गायची आणि टाळ्या पडायच्या. तिचा आवाज भरदार होता, काळी चार पट्टीत असा सरळ वर जायचा की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यासुद्धा मान वर करायच्या. तिथपर्यंत सगळ्यांना ती हवीच होती.

पण आक्काला स्वतःची अशी गाणी सुचायची आणि ती कशातच बसायची नाहीत. वखारीत काम करताना बायकांना शिंकायचीही चोरी, मुकादम डोळे वटारायचा. त्यावर तिचं गाणं होतं:

पदरात बांधून आणली शिंक
घरला येऊन सोडली

राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर अडवलेल्या ढगाचं एक गाणं होतं. नाक्यावरचा शिपाई ढगाला विचारतो, पोटात काय भरलंय, कुणीकडं निघालायस, कागद दाखव. एक दुपारी आरवणाऱ्या कोंबड्याचं, एक बाजारात एकच चप्पल हरवलेल्या बाईचं. अशी आठ. विहारातले मोठे लोक ऐकून घ्यायचे, हसायचेही, आणि शेवटी म्हणायचे की पोरी, एवढा गळा दिलाय तर चळवळीचं काही गा, कोंबड्याचं काय गातेस. आक्का मान खाली घालून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी कोंबड्याला आणखी एक कडवं जोडायची. मला तिची लाज वाटायची, हे आज कबूल करायला हरकत नाही. कॉलेजातल्या मैत्रिणी घरी आल्या की मी तिला गाऊ नकोस म्हणायचे.

ऐंशी साल मागे पडलं होतं आणि टेपरेकॉर्डर घरोघर दिसू लागले होते, त्या वर्षीचा हा माघ. आक्काच्या गळ्याला गाठ होती. दोन-तीन वर्षं गाठ वाढत होती आणि आक्का पदर वर ओढून ती झाकत होती. आता आडवं झोपलं की तिला श्वास पुरेना. मी तिला बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी गळा दाबून पाहिला, फोटो पाहिले आणि सांगितलं की गाठ काढावीच लागेल, थांबण्यात अर्थ नाही. मग हात धुता धुता म्हणाले की आवाजाची नस ह्या गाठीला अगदी चिकटून जाते. तिला धक्का लागला तर आवाज बसेल. कदाचित कायमचा. सगळ्यांचा बसतोच असं नाही, पण आधी सांगितलेलं बरं. पंधरा दिवसांनंतरची तारीख त्यांनी कागदावर लिहून दिली.

परतीच्या एस.टी.त आक्का कागदावरची तारीख पुन्हा पुन्हा बघत होती. यमकनमर्डीच्या आसपास तिने मला विचारलं, “टेपवर घ्यायला किती दिस लागत्यात गं?”

मला माहीत नव्हतं. आमच्या ओळखीत टेपरेकॉर्डर एकाच माणसाकडे होता. फर्नांडिस मास्तर. बेळगावच्या कॅम्पात राहायचे, लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले, चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचे. आप्पांना ते एका लग्नात भेटले होते आणि तेव्हापासून दोघांची मैत्री होती. वरच्या थरातला माणूस, पण आमच्या घरी येऊन जमिनीवर मांडी घालून चहा प्यायचे. त्यांनी आक्काची आठही गाणी ऐकली, ढगाचं दोनदा, आणि एवढंच म्हणाले की ह्यात ढोलकी घालायची नाही. व्हायोलिन, क्लॅरिनेट, हार्मोनियम आणि आवाज. बास. हार्मोनियम मी वाजवायची, कारण विहारातली पेटी मीच वाजवत असे.

जागा मात्र मिळेना. आमच्या घराची भिंत म्हणजे शेजाऱ्यांचीच भिंत, तिकडे पोर रडलं की इकडे कळायचं. शाळेची खोली घुमायची. चर्चमध्ये तर एक शब्द उच्चारला की तोच चारदा परत यायचा. शेवटी आक्कालाच सुचलं. ज्या वखारीत ती कामाला होती तिथे ह्या दिवसांत छतापर्यंत पाल्याच्या थप्प्या लागलेल्या असत. बाहेर कितीही गोंगाट असो, आत शिरलं की कानावर हात ठेवल्यासारखं व्हायचं. बोललेला शब्द तोंडातून निघून पुढ्यातच पडायचा. मालक जैन होते, चिकोडीकडचे, घरात कानडी आणि आमच्याशी मराठी बोलायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. आक्काने त्यांच्यापुढे उभं राहून गाठीचं, तारखेचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बाजाराच्या दिवशी वखारीला सुट्टी असते तेव्हा दुपारी या म्हणाले. अट एकच, आत आग नको. विडी नाही, दिवा नाही. आगीच्या भीतीने त्यांनी त्या मोठ्या खोलीत विजेची तारसुद्धा ओढलेली नव्हती. म्हणजे टेपरेकॉर्डर सेलवरच चालवायचा होता.

पंधरा दिवसांत बाजाराचे दिवस येत होते दोन. पहिल्या दिवशी चार गाणी, दुसऱ्या दिवशी चार. तिसरा दिवस नव्हताच.

ती बसण्याची पद्धत मला अजून डोळ्यांपुढे दिसते. माईक एकच. ज्याचा आवाज मोठा त्याने लांब बसायचं, एवढा साधा हिशेब. आक्का माईकपासून वीतभर. मास्तर दोन हातांवर. माझी पेटी पाल्याच्या एका गठ्ठ्याआड. आणि आप्पा खोलीच्या पार टोकाला, आमच्याकडे पाठ करून, क्लॅरिनेटचं तोंड थप्पीत खुपसल्यासारखं धरून. आयुष्यभर वरातीपुढे घोडा बुजेल असं वाजवलेला तो माणूस, त्याला मास्तर पुन्हा पुन्हा हाताने खाली, खाली असं खुणावत होते. आप्पांना खूण दिसायचीच नाही, कारण तोंड तिकडे. मग आक्काने स्वतःच्या पायाला सुतळी बांधली आणि दुसरं टोक आप्पांच्या पायाला. एक हिसका म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा.

आम्हाला तंबाखूची सवय होती, मास्तरांना नव्हती. त्यांनी नाकात खोबरेल तेल लावलं, वर रुमाल बांधला, आणि दरोडेखोरासारखे दिसत व्हायोलिन वाजवायला बसले. तरी गाण्याच्या तिसऱ्या कडव्याला त्यांचे डोळे पाण्याने भरायचे, गज थरथरायला लागायचा, आणि आम्ही सगळे जीव मुठीत धरून बघत राहायचो. शिंक आली की गाणं पहिल्यापासून. आक्का दर वेळी दोन घोट कोमट पाणी प्यायची, गाठीवरून हात फिरवायची आणि पुन्हा सुरू करायची. एवढं करून पहिल्या दिवशी चार गाणी झाली. टेप मागे घेऊन ऐकली तेव्हा आक्का स्वतःचा आवाज पहिल्यांदाच बाहेरून ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती मला म्हणाली की बरी गाती की गं मी. ती खरोखरच बरी गात होती आणि हे तिला इतक्या वर्षांत मी सांगितलं नव्हतं.

आता माझी गोष्ट सांगते. सांगावी लागली नसती तर बरं झालं असतं.

मास्तर जाताना टेपरेकॉर्डर आमच्याकडेच ठेवून गेले आणि मला बजावून गेले की पुढच्या वेळेसाठी सगळे सेल नवे घाल. सहा मोठे सेल लागायचे. त्या आठवड्यात निपाणीत मोठे सेल संपले होते. रात्री उसाला पाणी पाजायला जाणाऱ्यांनी बॅटऱ्यांसाठी दुकानं रिकामी केली होती. दुकानदार म्हणाला संकेश्वरला मिळतील. जायला-यायला अर्धा दिवस. माझा दुसऱ्या दिवशी पेपर होता, आणि खरं सांगायचं तर जिवावर आलं. आमच्याकडे सगळेच करायचे ते मी केलं. जुने सेल काढले आणि पत्र्यावर उन्हात वाळत घातले. मिरच्यांच्या शेजारी. दोन दिवस ऊन दिलं की मेलेला सेलही तासभर धावतो, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. घालून पाहिले तर टेप व्यवस्थित फिरली. मी खूश झाले, माझा अर्धा दिवस वाचला.

दुसऱ्या बाजाराच्या दिवशी आम्ही पुन्हा वखारीत बसलो. ऑपरेशनला चार दिवस राहिले होते. आक्काचा श्वास आखूड झाला होता, एका ओळीत दोनदा घ्यावा लागत होता, आणि मास्तरांनी ते ओळखून व्हायोलिनचे तुकडे तिच्या श्वासाच्या जागी भरले. मास्तरांच्या शिंका त्या दिवशी अनावर झाल्या होत्या. कोंबड्याचं गाणं पाचव्यांदा झालं. चप्पलचं चौथ्यांदा. प्रत्येक वेळी टेप मागे, पुन्हा पुढे. माझं लक्ष पेटीवर कमी आणि त्या फिरणाऱ्या चकतीवर जास्त होतं. ती फिरत होती. हळू फिरते आहे का, असं एकदा मनात आलं, आणि मी दुसरीकडे बघितलं.

शेवटचं ढगाचं गाणं राहिलं होतं. ते एकदाच झालं, शिंक न येता. शेवटच्या ओळीला शिपाई ढगाला सोडतो आणि ढग मात्र जात नाही, तिथेच नाक्यावर रिकामा होतो. आक्काने ती ओळ अशी घेतली की सुतळीला हिसका न बसताही आप्पा आपणहून थांबले. मास्तरांनी डोळे पुसले, शिंकेमुळे की कशामुळे ते मला कळलं नाही. टेप मागे घेऊन त्यांनी थोडं ऐकलं. मान तिरकी केली. मग मला विचारलं, “सेल नवे घातले ना, बेटी?”

मी हो म्हटलं.

इतकं पटकन म्हटलं की मलाच आश्चर्य वाटलं. त्याच मरगळलेल्या सेलवर ती टेप वाजत होती, त्यामुळे गाणं होतं तसंच ऐकू येत होतं, जरासं ढिलं एवढंच. मास्तरांनी कॅसेटच्या मागच्या दोन्ही खुंट्या मोडून टाकल्या, म्हणजे आता तिच्यावर चुकूनही दुसरं काही भरलं जाणार नाही. आक्काने ती कॅसेट रुमालात गुंडाळून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि चार दिवसांनी तशीच दवाखान्यात गेली.

ऑपरेशन सकाळी झालं. गाठ नीट निघाली, साधी होती, जिवाला धोका नव्हता. आम्ही व्हरांड्यात बसून होतो आणि आप्पा कुणी विचारलं नसतानाही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की पोरगी गाते. पहिले दोन दिवस तिला बोलू नका म्हणून सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला नाव विचारलं. तिने तोंड उघडलं आणि जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता. खरबरीत, खोल, मधेच वारा सुटल्यासारखा. डॉक्टर म्हणाले सुधारेल थोडा. थोडा, हा शब्द आम्ही तिघांनीही ऐकला. आक्काने फक्त मान हलवली. मला तेव्हा एवढाच आधार होता की आठ गाणी रुमालात आहेत.

घरी सोडलं त्या दिवशी आम्ही थेट मल्लाप्पांच्या दुकानात गेलो. बेळगावच्या बाजारात त्यांचं कॅसेटचं दुकान होतं. दारात एक फळा असायचा, त्यावर खडूने अर्धं कानडीत आणि अर्धं मराठीत नवीन आलेल्या कॅसेटींची नावं. भक्तिगीतं, लावण्या, कानडी नाटकं, हिंदी. मास्तर तिथे आमची वाट बघत होते; त्यांनी मल्लाप्पांना आधीच सांगून ठेवलं होतं की निपाणीच्या बाईंची कॅसेट येईल, थोड्या प्रती काढायच्या. मल्लाप्पांनी कॅसेट घेतली आणि दुकानातल्या मोठ्या, विजेवरच्या टेपमध्ये घातली. पहिली बाजू वाजली. शिंकेचं गाणं सुरू झालं तेव्हा ते हसले, शेवटी शेवटी त्यांनी टेपचा आवाज वाढवला. आक्का स्टुलावर बसली होती, गळ्याला पट्टी. स्वतःच्या गेलेल्या आवाजाकडे ती बघत होती म्हणावं, तर तसं बघायला तिथे काहीच नव्हतं.

मग त्यांनी बाजू पालटली. पाचवं गाणं जरा वरच्या पट्टीत वाटलं. सहावं आणखी वर. सातव्याला तर आवाज बारीक, चिरका, घाईत, एखादं नऊ वर्षांचं पोर पळत पळत म्हणतंय असा. शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून हसला. ढगाचं गाणं लागलं आणि मी कानावर हात ठेवले. सेल जसजसे मरत गेले होते तसतशी टेप हळू भरली गेली होती, आणि आता विजेवर ती पूर्ण वेगाने धावत होती. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात लांबवून टेप बंद केली.

मी तिथेच सगळं सांगून टाकलं. पत्रा, ऊन, मिरच्या, पेपर, खोटं. रडत होते, हे सांगायला नकोच. मला वाटलं आक्का आता थोबाडीत देईल, आणि दिली असती तर बरं वाटलं असतं. तिने विचारलं, “पेपर कसा गेला?”

मल्लाप्पा भला माणूस. ते म्हणाले कोल्हापूरला ओळखीचे लोक आहेत, मोठ्या मशीनवर वेग कमी करून बघता येईल, अगदी तसाच नाही पण बराचसा मूळ आवाज मिळेल. मला एकदम हुशारी आली. आक्का म्हणाली बघू, आणि कॅसेट परत मागून घेतली.

चैत्र लागला. तंबाखू न्यायला लॉऱ्या लागायच्या बेतात होत्या. एकदा पाला गेला की वखार इतर कुठल्याही खोलीसारखीच घुमणार. आक्का एकटी संकेश्वरला गेली आणि सहा नवे सेल घेऊन आली. मास्तरांना निरोप धाडला. आप्पांना क्लॅरिनेट काढायला सांगितलं. मला वाटलं ती नवीन काही गाणार आहे, मनाची समजूत म्हणून. बाजाराच्या दिवशी आम्ही पुन्हा तसेच बसलो, तीच सुतळी, तोच गठ्ठा. आक्काने कमरेची पिशवी उघडली आणि तीच कॅसेट काढली. दुसऱ्या बाजूच्या मोडलेल्या खुंटीच्या जागी तिने दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा तुकडा लावलेला होता.

तिच्यावर पुन्हा भरता यावं म्हणून, हे मला कळायला क्षणभर लागला. मग मी पेटी सोडून उठले. “आक्का, नवी कॅसेट घेऊ. ही ऱ्हाऊ दे. कोल्हापूरला पाठवू या की.”

“कशाला?”

“तुझा आवाज हाय त्यात.”

“व्हय. आन तो ऱ्हायला तर तुमी सगळी तेच ऐकत बसशिला,” ती म्हणाली. तिला एवढं बोलतानाही दोनदा थांबावं लागलं. “मी गायला लागले की म्हणशिला, पैल्यांदा कसं गायची न्हवं. मला पुढं गायचं हाय गं. पैली बाजू ऱ्हाऊ दे, ती चांगली हाय. पर ही चार गाणी माझी मला पायजेत.”

मी मास्तरांकडे पाहिलं. ते व्हायोलिनला सूर लावत होते. आप्पांनी आमच्याकडे पाठ केलेलीच होती. मी म्हटलं मी नाही वाजवणार. आक्का म्हणाली मग मी एकटी गाईन, आणि तांबडं बटण तिने स्वतः दाबलं.

टेप फिरायला लागली होती. आता न वाजवून काय उपयोग होता. मी बसले आणि भाता ओढला, तिने सांगितलेल्या खालच्या पट्टीत. त्या आवाजात कोंबडा आरवला तो वेगळाच कोंबडा होता, म्हातारा, तापट. चप्पल हरवलेली बाई आता शोधत नव्हती, एका पायाने चालत घरी निघाली होती. एकेक ओळ आक्का गात होती आणि तेवढीच ओळ टेपवरून कायमची जात होती, आणि दोन्ही कामांना माझे हात लागत होते. मला तिचा राग आला होता. इतका राग मला त्याआधी किंवा नंतर कुणाचाच आला नाही. ढगाच्या गाण्याला शेवटची ओळ तिच्याने वर गेली नाही. तिने ती खालीच ठेवली, जवळजवळ बोलली. मास्तरांना शिंक आली ती गाणं संपल्यावर.

पुढे आक्काने आणखी तीन कॅसेटी काढल्या, सगळ्या त्याच आवाजात. तन्वीला मी अजून हे काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती ऐकायला मागेल, आणि मला कळत नाही तिला आधी कुठली बाजू लावून द्यावी.

त्या वर्षी मल्लाप्पांनी ती पहिली कॅसेट आहे तशी काढली. पहिल्या बाजूला एक आवाज, दुसऱ्या बाजूला दुसरा. फळ्यावर ती कुठल्या रकान्यात लिहावी हे त्यांना कळेना, शेवटी सगळ्यांच्या खाली लिहिलं, निपाणीची गाणी. लोकांना वाटलं दोन बहिणींची कॅसेट आहे. कुणी कुणी मलाच विचारायचं की दुसरी तुम्ही का, आणि मी काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची.

त्या पावसाळ्यात एकदा आम्ही दोघी दुकानात उभ्या होतो. आक्काने अंगभर पदर घेतला होता, गळा झाकलेला. कॅम्पातल्या एक बाई आल्या, नवरा लष्करात असावा, हातात छत्री. त्यांनी मल्लाप्पांना विचारलं की ती निपाणीची गाणी त्यांनी नेली होती, त्यातल्या पहिल्या बाजूच्या ताईंचं नवीन काही आलंय का. काय आवाज आहे, म्हणाल्या. मल्लाप्पांनी आमच्याकडे पाहिलं आणि उगाच कॅसेटी पुसायला लागले.

आक्काच पुढे झाली. “न्हाय आलं,” ती म्हणाली. “तिचं लगीन झालं. लोंढ्याला दिली तिला. आता गात न्हाय ती.”

बाईंनी अरेरे म्हटलं. मग तो आवाज त्यांच्या कानात शिरला असावा. त्या आक्काकडे बघत राहिल्या, गळ्याशी धरलेल्या पदराकडे बघितलं, आणि जरा थांबून म्हणाल्या, “मग दुसऱ्या ताईंचं नवीन आलं की मला कळवा.”

“कळवते की,” आक्का म्हणाली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. पाऊस आत येत होता तरी तिने काच ओढली नाही. हत्तरगी मागे पडलं, संकेश्वर आलं. मी तिचा हात हातात घेतला. एवढ्या दिवसांत, दवाखान्यात नाही, दुकानात नाही, वखारीत नाही, ती रडली नव्हती आणि मी तिच्यासमोर तिच्यासाठी रडले नव्हते, रडले ते माझ्या चुकीसाठी. लोंढ्याला दिलेल्या त्या पोरीसाठी आम्ही दोघी त्या दिवशी पहिल्यांदा रडलो.